स्थानिक किंमत आणि डिजिटल साहसखेळ : मुले खेळात जिंकतात, पाटीवर मात्र ५००७ लिहितात

प्रश्न : खाडीकाठची शिक्षिका (गुहागर)

सर्वांना नमस्कार. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीवर आमची द्विशिक्षकी शाळा आहे आणि माझ्याकडे दुसरी व तिसरी हे दोन वर्ग एकत्र आहेत. ग्रामस्थांच्या वर्गणीतून शाळेला काही टॅब मिळाले असून त्यांवर गणिताचे साहसखेळ घालून घेतले आहेत. वाडीत मोबाईलला रेंज जेमतेम असते आणि पावसाळ्यात एकदा वीज गेली की ती कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून इंटरनेटशिवाय चालणारेच खेळ निवडावे लागले.

या खेळांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच आहे. खेळातला मुलगा जंगलातून निघतो, गुहा, नदी, पडका वाडा असे टप्पे ओलांडतो, प्रत्येक टप्प्यावर एक बंद दार लागते आणि त्यावर ‘४६ मधील ४ ची स्थानिक किंमत किती?’ अशा धर्तीचा प्रश्न असतो. चार पर्यायांपैकी बरोबर उत्तरावर बोट ठेवले की दार उघडते, नाणी मिळतात आणि गोष्ट पुढे सरकते. मुले हे खेळ अगदी रंगून खेळतात. एरवी गणिताच्या तासाला अंग चोरून बसणारी मुले टॅब मिळावा म्हणून सर्वांत आधी हात वर करतात आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

परंतु टॅब बाजूला ठेवून पाटी हातात दिली की चित्र बदलते. खेळातली सगळी दारे उघडणाऱ्या तिसरीतील एका मुलीला मी ‘पाचशे सात’ लिहायला सांगितले, तेव्हा तिने आधी ५०० लिहिले, क्षणभर थांबली आणि त्याला लागून ७ लिहिला. पाटीवर ५००७ झाले. वाचून दाखव म्हटल्यावर तिने ते न अडखळता ‘पाचशे सात’ असेच वाचले. दुसरीकडे ५२ मधून २७ वजा करताना अनेक मुले ‘दोनातून सात जात नाहीत’ असे म्हणून सरळ सातातून दोन वजा करतात आणि उत्तर ३५ लिहितात. हीच मुले ‘५२ मध्ये ५ दशक आणि २ एकक’ हे वाक्य मात्र तोंडपाठ म्हणतात.

म्हणून माझे विचारणे असे आहे की साहसखेळांतून स्थानिक किंमत खरोखर शिकवता येते का, येत असेल तर खेळाची रचना कशी असायला हवी, आणि आमच्यासारख्या शाळेत, जेथे मुले दोन इयत्तांची आहेत आणि टॅब मोजकेच आहेत, तेथे त्यांचा उपयोग नेमका कसा करावा? खेळ बंद करावेत असे मला वाटत नाही, कारण मुलांची ओढ मला दिसते आहे. ती ओढ गणिताच्या गाभ्यापर्यंत कशी न्यावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख (राजापूर)

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने लिहिलेले ५००७ हे निष्काळजीपणाने लिहिलेले नाही, त्यामागे तिचा तर्क आहे. तिला पाचशे लिहिता येतात, सात लिहिता येतात, आणि आपण बोलताना ‘पाचशे’ व ‘सात’ एकापुढे एक म्हणतो, तसेच लिहितानाही एकापुढे एक ठेवावे असे तिने ठरवले. बोलताना ‘शे’ हा शब्द पाचाची किंमत सांगून टाकतो. लिहिताना तो शब्द कोठेच नसतो आणि त्याचे सगळे काम जागेला करावे लागते. हा फरक मुलाच्या ध्यानात यायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणत्याही माध्यमाने टाळता येत नाही.

बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या परंपरेत काम केलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी लहान मुलांबरोबर केलेली एक साधी चाचणी आपण सर्वांनी आपापल्या वर्गात करून पाहण्यासारखी आहे. मुलासमोर १६ मणी ठेवावेत, कागदावर १६ लिहावे, आधी ६ या अंकाकडे बोट करून ‘हा अंक किती मणी दाखवतो?’ असे विचारावे, आणि मग १ कडे बोट करून तोच प्रश्न विचारावा. बरीच मुले सहासाठी सहा मणी बाजूला काढतात आणि एकासाठी एकच मणी काढतात. उरलेल्या नऊ मण्यांचे काय झाले, हा प्रश्न त्यांना पडतही नाही. ‘एक दशक, सहा एकक’ असे घडाघडा म्हणणारे मूलही असे करते, आणि पाठांतर व आकलन यांतील अंतर इतक्या थोड्या वेळात इतके स्पष्ट दाखवणारी दुसरी चाचणी माझ्या पाहण्यात नाही.

आता तुमच्या खेळातल्या दाराविषयी. ‘४६ मधील ४ ची स्थानिक किंमत किती?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी स्थानिक किंमत समजावी लागत नाही. उजवीकडे जितके अंक आहेत तितकी शून्ये त्या अंकापुढे लावायची, ही युक्ती मुले आपसांत एकमेकांना शिकवतात आणि ती दरवेळी बरोबर येते. शिवाय पर्याय चारच असल्यामुळे उत्तर चुकले तरी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात दार उघडतेच. अशा खेळाने मुलाचा सराव होतो हे खरे, पण तो त्या युक्तीचा सराव असतो.

मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी हाताने करणे, चित्रात पाहणे आणि चिन्हात लिहिणे असे आकलनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तुमचा खेळ मुलांना थेट तिसऱ्यावर उभे करतो. माझा आग्रह असा की टॅब हातात देण्यापूर्वी माडाच्या झावळीचे हीर मुलांकडून सोलून, एका लांबीचे कापून घ्यावेत, आणि दहा-दहांच्या जुड्या मुलांनीच रबर लावून बांधाव्यात. जुडी शिक्षकाने बांधून देऊ नये. दहावी काडी हातात आल्यावर रबर ताणून ‘हे आता एक झाले’ असे मुलाने स्वतः म्हणणे, आणि ती जुडी सोडल्यावर त्याच दहा काड्या पुन्हा मोकळ्या होताना पाहणे, यातच एकक आणि दशक यांचा संबंध आहे. ५२ मधून २७ काढायला सांगितले की मूल आपणहून एक जुडी सोडते, कारण सात सुट्या काड्या त्याच्याकडे नसतात. तेथे ‘सातातून दोन’ करण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही.

उत्तर : खेळरचनाकार (रत्नागिरी)

मी रत्नागिरीत राहून मुलांसाठी शैक्षणिक खेळ तयार करण्याचे काम करतो. केंद्रप्रमुख साहेबांनी दाराविषयी जे लिहिले आहे, तो आमच्या क्षेत्रातीलही जुना आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. जेकब हॅबगूड आणि शारॉन एन्सवर्थ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच साहसखेळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या इंग्लंडमधील प्राथमिक शाळेतल्या मुलांना दिल्या होत्या. विषय भागाकाराचा होता. एका आवृत्तीत भागाकार हीच खेळातली हालचाल होती, म्हणजे समोर आलेल्या सांगाड्यावरील संख्येला निःशेष भाग जाईल असे शस्त्र निवडले तरच तो हरत असे. दुसऱ्या आवृत्तीत लढाई गणिताविना होत असे आणि भागाकाराचे प्रश्न टप्प्यांच्या मध्ये वेगळे विचारले जात. पहिल्या आवृत्तीतली मुले अधिक शिकली, आणि कोणती आवृत्ती खेळायची याची मोकळीक दिली तेव्हा मुलांनी तिच्यावर दुसरीपेक्षा सातपटीहून अधिक वेळ घालवला. गणित खेळाच्या आत असले की खेळ कंटाळवाणा होतो ही समजूत या अभ्यासासमोर टिकत नाही.

स्थानिक किमतीला हे लागू करायचे तर दहांची जुडी बांधणे आणि सोडणे हीच खेळातली मुख्य हालचाल असली पाहिजे. तुमच्या मुलांच्या ओळखीचे जग घेऊन एक रचना सुचवतो. एक गलबत सुवर्णदुर्गाहून निघते आणि जयगड, विजयदुर्ग असे करीत सिंधुदुर्गापर्यंत जाते. प्रत्येक बंदरावर काही माल चढतो, काही उतरतो. गलबताला तीन खण आहेत: उजवीकडचा सुट्या आंब्यांचा, मधला दहा-दहा आंब्यांच्या पाट्यांचा (म्हणजे टोपल्यांचा) आणि डावीकडचा दहा पाट्या मावतील अशा पेटाऱ्यांचा. प्रत्येक खणात नऊच नग मावतात. दहावा आंबा आला की मुलाला दहाही आंबे बोटाने ओढून पाटीत भरावे लागतात आणि ती पाटी मधल्या खणात न्यावी लागते. एखाद्या किल्ल्यावर सात सुटे आंबे द्यायचे आहेत आणि खणात दोनच आहेत, अशी वेळ आली की पाटी उघडून तिच्यातले आंबे सुट्यांच्या खणात ओतण्यावाचून मार्ग राहत नाही. हातच्याची बेरीज आणि हातच्याची वजाबाकी येथे गोष्टीच्या गरजेतून येते.

या रचनेत तीन पथ्ये मी कटाक्षाने पाळीन. पहिले म्हणजे दहा झाल्याबरोबर यंत्राने आपोआप पाटी बनवून दाखवू नये. पडद्यावर ते फार सुबक दिसते, परंतु नेमके जे काम मुलाच्या डोक्याने करायचे ते यंत्र करून टाकते. दुसरे, वेळेचे बंधन ठेवू नये, कारण घड्याळ लावले की मूल विचार सोडून अंदाज करू लागते. तिसरे पथ्य चुकीच्या उत्तराचे आहे. लाल फुली आणि कर्कश आवाज यांतून मुलाला आपण चुकलो एवढेच कळते, कोठे चुकलो हे कळत नाही. विजयदुर्गाने २४३ मागितले आणि मुलाने २३४ पाठवले, तर किल्ल्यावरच्या लोकांनी माल मोजून ‘नऊ कमी आले’ असे सांगावे आणि मुलाला पुन्हा खण उघडून पाहू द्यावेत. (जाता जाता: शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. मोठ्या मुलांना हे शोधून काढायला सांगावे, त्यांना फार आवडते.)

शून्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. ५०७ आंबे भरले की मधला खण रिकामा दिसतो, पण तो नाहीसा होत नाही, आणि त्याच्या खालच्या फलकावर ० उमटते. तुमच्या विद्यार्थिनीला ५००७ लिहायचे असेल तर तिला चौथा खण लागेल, आणि तो गलबतावर नाहीच.

असा खेळ तयार करणे फार अवघड नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले स्क्रॅच हे मुलांसाठीचे प्रोग्रामिंगचे साधन विनामूल्य आहे, ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते आणि त्यात चित्रे, आवाज व मजकूर आपल्या भाषेत घालता येतो. प्रोग्रामिंगची गोडी असलेला आठवी-नववीचा विद्यार्थी शिक्षकाच्या मदतीने याचा पहिला टप्पा उभा करू शकेल.

उत्तर : आंबा बागायतदार आणि पालक (देवगड)

चर्चा वाचून एक सूचना करावीशी वाटली. आमच्याकडे आंबा दहांनी मोजत नाहीत, डझनाने मोजतात. माझा मुलगा दुसरीत आहे आणि हंगामात तो पेट्या भरताना शेजारी बसलेला असतो. त्याच्या डोक्यात ‘पाच डझनांची पेटी’ म्हणजे ६० आंबे हा हिशेब पक्का बसलेला आहे. खेळात आंब्याची पाटी दहांची दाखवली तर कोकणातल्या मुलाला ती खोटी वाटेल आणि त्याहून वाईट म्हणजे घरातला बाराचा गट आणि शाळेतला दहाचा गट यांची सरमिसळ होईल. त्याऐवजी नारळ घ्यावेत. नारळाचा व्यवहार शेकड्याने होतो, त्यामुळे शतकाचा खण मुलांना आपोआप ओळखीचा वाटेल.

उत्तर : खेळरचनाकार (रत्नागिरी)

आपली सूचना अत्यंत मोलाची आहे, नारळच घ्यायला हवेत. डझनाचा खेळ पुढे चौथी-पाचवीत वेगळा करता येईल, कारण बाराच्या गटांत मोजून पाहिले की दहाच का निवडले, हा प्रश्न मुलांना खऱ्या अर्थाने पडतो.

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख (राजापूर)

गलबताची कल्पना मला मनापासून आवडली, तथापि ‘खणात नऊच मावतात’ या नियमाबद्दल माझा एक आक्षेप आहे आणि तो किरकोळ नाही. वजाबाकी समजण्यासाठी मुलाला ५२ म्हणजे ५ दशक २ एकक हे कळून पुरत नाही. तेच ५२ म्हणजे ४ दशक १२ एकक, ३ दशक २२ एकक, आणि नुसते ५२ सुटे, हेही त्याला तितक्याच सहजतेने दिसले पाहिजे. पाटी उघडल्यावर सुट्यांच्या खणात बारा नारळ होणारच. मग तेथे नऊचा नियम मोडतो, आणि यंत्राने ती मांडणी नाकारली तर वजाबाकीची पायरीच नाकारल्यासारखे होईल. पहिल्याच दिवसापासून मुलाला ‘नऊच’ असे शिकवले की त्याला ‘४ दशक १२ एकक’ ही मांडणी चुकीची वाटू लागते आणि पुढे हातचा म्हणजे केवळ अंकावर काट मारून लहान १ लिहिण्याचा विधी उरतो.

माझ्या मते खेळाचे दोन भाग असावेत. बंदरावर, म्हणजे माल चढवता-उतरवताना, नारळ कसेही मांडण्याची पूर्ण मुभा असावी आणि प्रत्येक मांडणीत एकूण संख्या तीच राहते हे मुलाला पाहता यावे. गलबत समुद्रात निघताना मात्र माल कमीत कमी नगांत बांधायचा, तेथे नऊचा नियम लागू करावा. संख्या अंकांत लिहिण्याचा प्रसंग या दुसऱ्या भागातच यावा, कारण आपल्या अंकलेखनात एका जागी नऊपेक्षा मोठा अंक बसत नाही, आणि नियमाचे कारण तेच आहे.

उत्तर : खेळरचनाकार (रत्नागिरी)

हे मान्य आहे. बंदरावर मोकळीक आणि प्रवासात शिस्त, अशी विभागणी गोष्टीतही शोभून दिसते, कारण सुटा माल घेऊन खोल पाण्यात कोणी जात नाही. बंदरावरील भागात पडद्याच्या वरच्या बाजूला एकूण संख्या स्थिर ठेवता येईल. मूल पाटी उघडेल, बांधेल, पेटारा सोडेल, तरी ती संख्या बदलणार नाही, आणि हेच त्याने पाहावे असे आपल्याला वाटते.

पुन्हा प्रश्न : खाडीकाठची शिक्षिका (गुहागर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हीर आणून जुड्या बांधण्याचे काम लगेच हाती घेता येईल, माडांना आमच्या वाडीत तोटा नाही. १६ मण्यांची चाचणीही मी दोन्ही वर्गांत घेणार आहे.

खेळ आपण स्वतः करायचा झाला तर दोन गोष्टींचे मार्गदर्शन हवे आहे. खेळात संख्या बोलून दाखवायची असेल तर ती कशी बोलावी? ‘त्रेपन्न’ ऐकून काही मुले आधी ३ लिहितात आणि मग त्याच्या डाव्या बाजूला ५ लिहायला जागा शोधतात, कारण कानावर तीनच आधी पडते. ‘एकोणसाठ’ ऐकले की साठ ऐकू येते आणि ६ लिहिला जातो. दुसरे असे की आमच्या पुस्तकांत देवनागरी अंक आहेत आणि टॅबवरील जवळजवळ सर्व खेळांत आंतरराष्ट्रीय अंक आहेत. दुसरीतल्या मुलांचा यात गोंधळ उडतो, विशेषतः देवनागरी ५ आणि आंतरराष्ट्रीय चार दिसायला जवळचे असल्यामुळे.

उत्तर : शिक्षिका (मालवण)

ताई, मी मालवण तालुक्यात तिसरीला शिकवते आणि या दोन्ही अडचणी माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत.

संख्या बोलण्याच्या बाबतीत २०१९ मध्ये महाराष्ट्रात किती मोठा वाद झाला होता हे सर्वांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’बरोबर ‘पन्नास तीन’ असेही वाचन दिले होते आणि त्यावर वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा सांगितले होते की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्या अवघड जातात आणि त्यांच्यासाठी हा सोपा पर्याय आहे. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा येथील विषय नाही. आपल्या खेळापुरता त्याचा सरळ उपयोग करता येतो. बंदरावर नारळ भरताना खेळाने ‘पाच पाट्या आणि तीन सुटे, पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ असे तिन्ही एका दमात बोलावे. मुले घरी, दुकानात, एस.टी.त त्रेपन्न हाच शब्द ऐकतात, त्यामुळे तो टाळून चालणार नाही, आणि नुसता त्रेपन्न हा शब्द ५ आणि ३ यांची जागा सांगत नाही, त्यामुळे त्याच्या जोडीला मांडणी हवीच. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ यांच्यासाठी मी खेळात एक वेगळे बंदर ठेवीन, जेथे सहा पाट्या पूर्ण होण्यास एकच नारळ कमी आहे. पाच पाट्या आणि नऊ सुटे डोळ्यांसमोर असताना ‘साठाला एक उणा’ हे मुलाला चित्रातच दिसते.

अंकांबाबत माझे मत थोडे ठाम आहे. दुसरीसाठी खेळ देवनागरी अंकांतच असावा. ज्या मुलाला जागेची किंमत अजून उमगायची आहे, त्याच्यावर त्याच वेळी अंकांच्या दोन ठेवणींचे ओझे टाकू नये. तिसरीच्या उत्तरार्धात एक कळ दाबून फलकावरील अंक बदलता यावेत आणि नारळ मात्र जसेच्या तसे राहावेत, म्हणजे चिन्ह बदलले तरी संख्या तीच राहते, हे मुलाला दिसेल. तयार खेळ वापरायचाच असेल तर केडीई या मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या समूहाचा जीकाँप्री हा शैक्षणिक खेळांचा मुक्त आणि इंटरनेटशिवाय चालणारा संच पाहावा. तो २००० सालापासून विकसित होत आला आहे. त्यातील पैसे देण्याचे खेळ चांगले आहेत, तथापि ते हिरांच्या जुड्यांनंतर द्यावेत. दहाच्या नोटेत दहा रुपये मोजून दाखवता येत नाहीत. नोटेची किंमत मुलाला मानून घ्यावी लागते, आणि जुडीत ती मोजता येते.

आता वर्गाच्या मांडणीविषयी, कारण दोन इयत्ता आणि मोजके टॅब ही आमचीही स्थिती आहे. एका टॅबवर एकच मूल बसवू नये, दोन बसवावीत, आणि शक्यतो एक दुसरीतले व एक तिसरीतले असावे. बोट एकाने चालवायचे आणि काय करायचे ते दुसऱ्याने बोलून सांगायचे, टप्पा संपला की अदलाबदल. ‘पाटी उघड’, ‘का उघडायची?’, ‘सुटे पुरत नाहीत ना’ अशी देवघेव मुलांच्या तोंडून ऐकू येऊ लागते आणि शिक्षिकेला फेरी मारताना नुसते कान देऊन कोण कोठे अडले आहे हे कळते. उरलेल्या मुलांनी त्याच वेळी जमिनीवर खडूने तीन खण आखून हिरांनी तोच माल भरायचा. वीज गेली तरी तास थांबत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

प्रत्येक बंदरानंतर टॅब उलटा ठेवून वहीत गलबताची नोंद करायला लावावी: किती पेटारे, किती पाट्या, किती सुटे, आणि खाली ती संख्या अंकांत. खेळात केलेले वहीत उतरले नाही तर ते खेळातच राहते, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ मला तेथेच दिसते. मोठ्या संख्यांसाठी आपल्याकडे उदाहरणांची वाण नाही. कोकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग ७४१ किलोमीटरचा आहे आणि त्यावर ९१ बोगदे आहेत. ‘७४१ नारळ कमीत कमी किती नगांत बांधता येतील?’ असे विचारले की ७, ४ आणि १ मिळवून १२ हे उत्तर मुले स्वतः काढतात, आणि ‘मग ९९ नारळ असतील तर जास्त नग होतील की कमी?’ असा प्रश्न लगेच पुढे ठेवता येतो. ९९ ला अठरा नग लागतात. लहान संख्येला जास्त नग का लागले, यावर आमच्या वर्गात मुले बराच वेळ भांडली होती.

पुन्हा : खाडीकाठची शिक्षिका (गुहागर)

ताई, जोडी लावण्याची पद्धत आणि वहीतील नोंद या दोन्ही गोष्टी येत्या आठवड्यापासून सुरू करते. आमच्या केंद्रातील माध्यमिक शाळेत स्क्रॅच शिकणारी काही मुले आहेत, त्यांच्या शिक्षकांशी गलबताच्या पहिल्या टप्प्याविषयी बोलणार आहे. पहिला टप्पा दोनच खणांचा, बंदरावरील मोकळ्या मांडणीसह आणि देवनागरी अंकांत ठेवावा असे वाटते. खेळरचनाकार सरांना एक विनंती आहे: मुलाने कोणती पाटी केव्हा उघडली याची नोंद खेळाला ठेवता येईल का? बरोबर उत्तरांपेक्षा ती नोंद मला अधिक उपयोगाची आहे.

उत्तर : खेळरचनाकार (रत्नागिरी)

नक्की ठेवता येईल. स्क्रॅचमध्ये याद्या ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे प्रत्येक हालचाल एका यादीत लिहून घेऊन टप्प्याच्या शेवटी ती पडद्यावर दाखवता येते आणि फाईल म्हणून बाहेरही काढता येते. ५२ मधून २७ देताना मुलाने पाटी आधी उघडली, की सात सुटे शोधून, पुरत नाहीत हे पाहून मग उघडली, की सात पाट्या उचलून पाहिल्या, हे त्या यादीत स्पष्ट दिसेल. दोन खणांच्या टप्प्याचा आराखडा मी कागदावर काढून येथेच देतो. त्या मुलांनी बांधणी सुरू करावी, अडले तेथे विचारावे.